हात थांबला ते पान

खोबऱ्याचं ताट अर्धंच भरलं होतं. खवणीच्या दात्यांना ओला कीस चिकटलेला, पाट रिकामा, आणि भार्गवीवहिनी कुठेच नव्हत्या.

सुनेत्रानं आधी न्हाणीघराशी हाक मारली, मग परसात, मग गोठ्यामागे. वहिनी हाकेला ओ देत नाहीत असं या घरात कधी झालं नव्हतं. त्यातून रामाच्या उत्सवाचे दिवस. दुपारच्या आरतीआधी नैवेद्याचं ताट देवळात पोचायचं, आणि ते ताट लग्न होऊन आल्यापासून वहिनींच्याच हातचं. त्यांचा मोबाईल फडताळात चार्जिंगला लावलेला होता. बाहेर जायच्या चपला मात्र जागेवर नव्हत्या.

कलमांखाली पडलेले आंबे गोळा करणाऱ्या सदूला विचारलं तेव्हा तो म्हणाला, वयनी उजाडताच खाली गेल्या, सुरूच्या बनातून दर्याकडं. हातात पिशवी होती. त्यानं विचारलं, तर हसल्या नुसत्या.

सुनेत्रानं बनाकडे पाहिलं. मालगुंडातल्या बाईला समुद्राचं काय कौतुक? आणि नैवेद्य टाकून?

तिला गेल्या आठवड्यातली दुपार आठवली, आणि तिनं ती आठवण लगेच दूर सारली. ती पुन्हा आली.

ही दुपारची रीत दोघी जावांची, गेली कित्येक वर्षांची. सुनेत्रा पुस्तकांची परीक्षणं लिही. रत्नागिरीच्या एका साप्ताहिकात तिचं सदर होतं, मोबाईलवर तिचा ब्लॉग वाचणाऱ्या बायका थेट अमेरिकेपर्यंत होत्या, आणि पुण्यामुंबईच्या प्रकाशकांकडून पार्सलं येत. ती फक्त एकाच जातीची पुस्तकं घेई. प्रेमाच्या कादंबऱ्या, आणि बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या, ज्यांना मोठे समीक्षक हातही लावत नाहीत. तिचं म्हणणं, ज्या पुस्तकानं एखादीला दुपार सोसवते, त्याला वाईट म्हणायचं तरी ते नीट वाचून म्हणावं. पण लिहायच्या आधी ती प्रत्येक कादंबरी वहिनींना सांगे. वहिनी खोबरं खवत, वाल सोलत, आणि ही समोर बसून गोष्ट लावी, कीर्तनकार आख्यान लावतो तशी. वहिनी वाहवा करत नसत. त्यांचा हात चालू असे. तो जिथे थांबे, ते पान खरं. सुनेत्रा तिथे पेन्सिलीनं बारीक खूण करी, आणि परीक्षण त्या पानापासून सुरू होई. तिचे वाचक म्हणत, तुम्हाला पुस्तकाची नस बरोबर सापडते. नस सापडत होती ती खवणीवरच्या हाताला.

गेल्या आठवड्यातली कादंबरी शरयू नावाच्या एका बाईची होती. साठीच्या उंबरठ्यावरची, भरल्या घरातली. शेवटच्या प्रकरणात ती कुणाला न सांगता घरातून निघून जाते.

"मग गेली कुठं?" वहिनींनी विचारलं होतं.

"ते लिहिलेलं नाही, वहिनी. तिथंच संपतं. मला विचाराल तर तिनं फार आधी जायला हवं होतं."

हे आपण बोललो होतो.

*

दत्तात्रेय पूजा आटोपून सोवळ्यानंच माजघरात आले, तेव्हा बाकीचे जमले होते. देवस्थानाचे ते वहिवाटदार. उत्सवाची सगळी सूत्रं त्यांच्या हातात, आणि घराचीही. शिवाशीव नको म्हणून ते सगळ्यांपासून हातभर लांब, खांबाशी उभे राहिले. त्यांना बातमी धाकट्या भावानं, देवदत्तानं, सांगितली. ऐकून त्यांनी पहिलं विचारलं ते हे, की गावात कुणाला कळलंय का.

देवदत्तानं नाही म्हटलं.

"मग कळू देऊ नका. कीर्तनाला बाहेरगावची माणसं यायचीत. शोध आपण घ्यायचा. येईल ती. मनात काही घेतलं असेल."

खरं तर ते घाबरले होते. सकाळी गंधाची वाटी घ्यायला ते आत गेले, तेव्हा ती तिथेच उभी होती, काहीतरी बोलायला तोंड उघडून. त्यांनी हातानंच थांब म्हटलं होतं, कारण ओठांत स्तोत्र चालू होतं. स्तोत्र संपेतो ती नव्हती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. माणूस घाबरला की रागावतो; दत्तात्रेय सुनेत्राकडे वळले आणि म्हणाले, की घरात येतात ती पुस्तकं एक दिवस असं काहीतरी करणार हे त्यांना माहीत होतं.

मुकुल, त्यांचा मुलगा, परवाच ठाण्याहून बायकोला घेऊन उत्सवासाठी आला होता. एरवी वडिलांशी त्याचं एका शब्दाचं पटत नसे. आज तो त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"काकू, शेवटचं कुठलं सांगितलंस आईला?"

सुनेत्रानं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. पुस्तक कपाटावरच होतं. शरयू, भरलं घर, निघून जाणं, सगळं. आपण त्यावर काय बोललो तेही सांगितलं. पलीकडे देवळातल्या स्पीकरवर पेटीचे सूर जुळवणं चाललं होतं, ते फार स्पष्ट ऐकू येऊ लागलं.

"म्हणजे तू तिला शिकवलंस," मुकुल म्हणाला.

देवदत्त आजवर बायकोच्या लिहिण्याबद्दल चांगलंही बोलला नव्हता आणि वाईटही. तिनं हळूच त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत राहिला, आणि त्या एवढ्याशा नजरेनं तिला कळलं की या घटकेला ती घरात एकटी आहे. वहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, अरे, पुस्तकं वाचून बायका घर सोडायला लागल्या तर एव्हाना गावात पुरुषच राहिले असते. पण वहिनीच नव्हत्या.

मुकुलनं सदूला घेऊन किनाऱ्यानं जायचं ठरवलं. गायवाडीच्या टोकापर्यंत बघतो म्हणाला. काय बघतो, ते त्यानं म्हटलं नाही. उंबऱ्यात चपला घालताना त्याला चपलेचा अंगठा सापडेना.

*

वैदेहीनं हे सगळं दारामागून ऐकलं. सून म्हणून या घरात तिला दोनच वर्षं झाली होती, आणि मोठ्यांच्या बोलण्यात पडायची रीत तिला अजून नीट कळलेली नव्हती. पण लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात, करवंदं निवडता निवडता, सासूबाईंनीच तिला काकूच्या गोष्टींचं गुपित सांगितलं होतं. माझा हात थांबला की सुनेत्रा खूण करते, आणि मला कळत नाही असं तिला वाटतं, असं म्हणून हसल्या होत्या.

ती पुढे आली.

"काकू, या पुस्तकात आईंचा हात कुठे थांबला?"

दत्तात्रेयांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ही कुठली भाषा. सुनेत्रानं मात्र पटकन मान वर केली.

"शेवटाला नाही थांबला," ती म्हणाली. बोलता बोलताच तिला ते पहिल्यांदा दिसत होतं. "शेवट ऐकताना त्या सरळ खवत होत्या. थांबला तो मध्येच, जिथं काहीच घडत नाही. मला वाटलं बोट कापलं."

"मध्ये काय आहे?"

सुनेत्रा उठून पुस्तक घेऊन आली. खूण होती, कारण सवयीनं तिनं ती केली होती. पण परीक्षणात त्या पानावर तिनं चार टोमणेच मारले होते. शरयू आंघोळ करताना थबकते. छातीशी हाताला काहीतरी लागतं. घरात लग्न आहे म्हणून ती कुणाला सांगत नाही, आणि पुढे ते निघतं काहीच नाही. सुनेत्रानं लिहिलं होतं, की कथेत गाठ येते ती बहुधा लेखिकेला पुढचं सुचत नाही तेव्हा. वहिनींना तिनं हे वाक्य वाचूनही दाखवलं होतं. स्वतःच्या वाक्यावर खूश होऊन.

तिनं पुस्तक मिटलं.

वैदेही हळू आवाजात म्हणाली, की परवा गाडीतून उतरल्यावर तिनं आईंना मिठी मारली, तर त्यांनी डाव्या बाजूनं कोपर मध्ये घातलं. तिला वाटलं होतं, सोवळ्यात असतील.

"वहिनींना गाठ आहे," सुनेत्रा म्हणाली.

या घरात देवळावर उत्सवाचं निशाण चढल्यापासून शेवटच्या रात्रीचं लळीत होईपर्यंत अशुभ बोलत नसत. आजोळहून आलेला मयताचा निरोपसुद्धा उत्सव संपेतो अंगणाबाहेर थांबे. दत्तात्रेयांच्या आईला ताप भरला होता तेव्हा त्या माउलीनं तो पाच दिवस अंगावर काढला, आणि पुढे सगळे तिचं कौतुक करत आले. दत्तात्रेय म्हणाले, "उत्सवात असलं तोंडातून काढू नये, सुनेत्रा."

"म्हणूनच त्यांनी काढलं नाही, दादा."

एवढं ती थोरल्या दिरांना आयुष्यात बोलली नव्हती. तिचे कान तापले. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर तिला दुसरंच भय वाटलं, कारण ते रागावले नव्हते. त्यांचा हात खांबावर गेला होता. उत्सवाच्या दिवसांत देवाखेरीज कशाला न शिवणारा माणूस खांबाला धरून उभा होता.

देवदत्तानं खुंटीवरची गाडीची किल्ली काढली. "दवाखाना कुठला असेल?" त्यानं बायकोला विचारलं, आणि तो विचारण्याचा सूर ऐकून तिला रडू येता येता राहिलं.

वहिनी बाईडॉक्टरखेरीज कुणाला दाखवणार नाहीत हे सुनेत्राला पक्कं माहीत होतं. मुकुलच्या बाळंतपणात ज्या डॉक्टरबाईंनी सोडवलं, त्यांची मुलगी आता रत्नागिरीत तोच दवाखाना चालवते. फोन लावला तर तिकडे फोन उचलणारी बाई म्हणाली, पेशंटची नावं फोनवर सांगत नाही. मालगुंडच्या थांब्यावर दहा जणांनी विचारलं असतं, उत्सवात कुठं निघालात. म्हणून वहिनी किनाऱ्यानं चालत गणपतीपुळ्याला गेल्या असतील आणि तिथून एसटी पकडली असेल. असं सगळं जुळत होतं. पण जुळतं ते खरंच असतं असं नाही, हे इतकी पुस्तकं वाचलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं.

नैवेद्य वैदेहीनं अंगावर घेतला. मुकुलला फोन करून कळवलं, तरी तो म्हणाला, मी शेवटपर्यंत बघूनच येतो.

देवदत्त गाडी वळवतो आहे तोच मागचं दार उघडलं आणि दत्तात्रेय आत येऊन बसले. तसेच, पूजेचा रेशमी कद नेसलेले, उघड्या अंगावर उपरणं, पायांत काही नाही. पलीकडे देवळात कीर्तनकार बुवांचा चहा खोळंबला होता. देवदत्तानं गाडी रस्त्याला घातली.

आरे-वारेचा रस्ता समुद्राच्या कडेकडेनं वर चढतो. खाली उन्हात पाणी नुसतं चकाकत होतं. प्रत्येक वळणावर दत्तात्रेय काचेशी वाकत आणि खाली बघत. मग पुन्हा ताठ बसत. पुढच्या वळणाला पुन्हा वाकत. सुनेत्रानं आरशातून ते पाहिलं आणि डोळे मिटून रामाचं नाव घ्यायला सुरुवात केली. नाव पुढे सरकेना. रामा, तिला दवाखान्यात असू दे, एवढंच ती म्हणत होती, आणि दवाखान्यात असू दे असं मागणं मागतो आहोत याचीच तिला धडकी भरत होती.

*

भार्गवीवहिनी दवाखान्यातल्या बाकड्याच्या टोकाला बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, केसांत सकाळचं सोनचाफ्याचं फूल. तिघांना दारात बघून त्या दचकल्या, मग नवऱ्याच्या अंगावरचा कद बघून आणखी दचकल्या.

"नैवेद्य कोण करतंय?" त्यांनी विचारलं.

सुनेत्रानं वैदेहीचं नाव सांगितलं.

"तिला सांग, डाळिंब्यांत गूळ बेतानं. सढळ हात आहे तिचा."

सुनेत्रा त्यांच्याशेजारी बसली. देवदत्त मुकुलला फोन करायला बाहेर गेला. दत्तात्रेय समोर उभेच राहिले. बाकड्यावरच्या एका म्हातारीनं हे देवळातले कुणी बुवा असावेत असं समजून उठून त्यांना नमस्कार केला, आणि त्यांना तो नको म्हणायचंही सुचलं नाही.

वहिनी खालच्या आवाजात सुनेत्राशीच बोलू लागल्या. संक्रांतीनंतर केव्हातरी हाताला लागली. आधी आंब्याचा मोहोर, मग हे येणार ते येणार, मग उत्सव. मनात होतं, लळीत होऊ दे. पण त्या दुपारी शरयूचं ऐकलं आणि तेव्हापासून रात्री हात आपोआप तिथंच जाई. सकाळी यांना सांगणार होते, तर यांचं स्तोत्र चालू होतं. सांगून निघायचं ते न सांगता निघाले. मोबाईल घरी ठेवला, कारण कुणाचा आवाज ऐकला असता तर अर्ध्या वाटेतून परत फिरले असते.

"मी भलतंच बोलले त्या दिवशी," सुनेत्रा म्हणाली. "माझं काय ते मनावर..."

"तू वाचून दाखवलंस ना, लिहिणारीला पुढचं सुचत नाही तेव्हा गाठ आणते म्हणून? मी म्हटलं, होय बाय, असेल. माझं लिहिणाऱ्याला तरी पुढचं सुचलेलं असू दे."

आतून सिस्टरनं नाव पुकारलं. बरोबर कोण आहे, म्हणाली, एकानंच या. दत्तात्रेय एक पाऊल पुढे झाले. सुनेत्राही उठली होती. दोघंही थांबले, आणि वहिनींनी दोघांकडे पाहिलं. नवऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग त्यांनी हातातली पिशवी त्यांच्याकडे दिली आणि सुनेत्राचं मनगट धरलं.

दार लागलं. दत्तात्रेय बाकड्यावर बसले. पिशवीत काय असेल म्हणून त्यांनी बघितलं नाही, पण हाताला पाण्याची बाटली लागली, आणि एक धुतलेलं पातळ. म्हणजे कदाचित ठेवून घेतील, याची तिनं तयारी केली होती. एकटीनं. त्यांना शेकडो आख्यानं तोंडपाठ होती. सगळ्यांच्या शेवटी देव धावून येतो, हे ते लोकांना ठणकावून सांगत. देव येईल. पण त्या बंद दाराच्या आत आपल्याला नेलं नाही, आणि न नेण्यात तिचं काही चुकलं नाही, हे त्यांना कळत होतं, आणि त्या कळण्याला कुठल्याच आख्यानात जागा नव्हती. त्यांचे अनवाणी तळवे फरशीवर गार पडत गेले.

डॉक्टरबाई शांत होत्या. सुई घालून तपासणीसाठी घेतलंय, म्हणाल्या. ते कोल्हापूरला जाईल. रिपोर्ट यायला काही दिवस लागतील, तोवर घाबरू नका. सुनेत्रानं त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. एखाद्या पानात पुढचं दडलेलं असतं तसं काही दिसतंय का. दिसलं नाही. बाई फक्त एवढंच म्हणाल्या, की आलात ते बरं केलंत, आणखी थांबायला नको होतं.

*

परत येताना वहिनी मध्ये बसल्या, एकीकडे नवरा, एकीकडे जाऊ. ऊन कलत होतं. गणपतीपुळं यायच्या आधी केव्हातरी वहिनी म्हणाल्या, की आज त्या कीर्तनाला बसणार.

दत्तात्रेय म्हणाले, बस की, रोज बसतेसच.

"पूर्वरंगाला बसते. उत्तररंग अर्धा झाला की उठावं लागतं, पानं मांडायला. इतक्या वर्षांत एकाही आख्यानाचा शेवट ऐकलेला नाही मी. भात उतरवताना गजर ऐकू येतो, त्यावरून समजायचं, संपलं. आज शेवटपर्यंत बसणार."

गाडी चालवता चालवता देवदत्त पुटपुटला, पंगत उशिरा बसेल. बाहेरगावची माणसं आहेत.

"बसेल," दत्तात्रेय म्हणाले. "उपाशी राहून कुणी मरत..." आणि तो शब्द अर्ध्यात सोडून ते बाहेर बघू लागले.

घरी मुकुल ओसरीवर बसला होता. पोटऱ्यांपर्यंत वाळू. आईला बघून तो उठला नाही, गुडघ्यांत तोंड घालून बसून राहिला. वहिनींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, पाय धू आधी. पुढे त्यानं काकूकडे न बघता तिला वाट करून दिली. माफी म्हणून तेवढंच. तिलाही तेवढंच हवं होतं.

संध्याकाळी देवळात वहिनी खांबाजवळ बसल्या. पुढच्या रांगेत नाही, पण उठून जायच्या वाटेवरही नाही. गावातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बुवा चांगले होते, गळा गोड, आणि हसवत हसवत डोळ्यांत पाणी आणणारे. उत्तररंग अर्धा झाला तेव्हा सवयीनं वहिनींचं अंग उठायला हललं. सुनेत्रानं त्यांच्या पदराचं टोक धरलं. त्या पुन्हा बसल्या.

तिथून पुढचं सुनेत्रानं काहीच ऐकलं नाही. ती फक्त वहिनींकडे बघत होती. डोळे बुवांवर, ओठ किंचित उघडे, लहान मुलीसारखे. डावा हात पदराखाली, जिथे सुई टोचली होती तिथे. आणखी काही दिवसांनी कोल्हापुराहून काय येईल? पुढच्या उत्सवात इथं या खांबाशी कोण बसलेलं असेल? तिला वाटलं, बुवांनी आज थांबूच नये, हे असंच चालू राहावं.

पण बुवांनी घड्याळ पाहिलं. पंगतीला उशीर होत होता, आणि त्यांना वर्षानुवर्षांची सवय होती. आख्यान त्यांनी भराभर आवरतं घेतलं, देव आला, संकट टळलं, झांजा वाढल्या, गजर झाला, लोक आरतीला उठले.

वहिनी उठल्या नाहीत.

माणसं दोन्ही बाजूंनी पुढे सरकत होती. सुनेत्रा घाबरून खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, आरती."

"हो गो." त्या अजून समोरच बघत होत्या, बुवा उभे होते त्या रिकाम्या जागेकडे. "गळा चांगला आहे. पण शेवटाला घाई केलीनी बुवांनी. इतकी करायला नको होती."

सुनेत्रा त्यांच्याशेजारी परत खाली बसली.